पुन्हा उभी राहिली घरे

(पूर, वादळ, भूकंप अशा संकटांत माणसाचे घर जाते. पहिल्या काही दिवसांत अन्न, पाणी, कपडे यांची मदत मिळते. पण घर पुन्हा उभे करायला महिने, कधी कधी वर्षे लागतात. तोपर्यंत मदत करणारे बरेचसे लोक निघून गेलेले असतात. अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहरात मात्र हजारो स्वयंसेवक नंतरही येत राहिले. त्यांच्यातील पुष्कळ जण चर्चमधून आलेले होते. त्यांनी काय केले आणि ते करताना ते काय शिकले, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, २६ जुलै २००५ या दिवसाबद्दल तुमच्या घरातील मोठ्या माणसांना विचारा. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. रस्ते, रेल्वेमार्ग, चाळी आणि झोपड्या पाण्यात बुडाल्या. हजारो लोक रात्रभर वाटेत अडकून पडले. ज्याला जो आसरा मिळाला, तेथे तो थांबला. दार ठोठावणाऱ्याला त्याचे नाव किंवा त्याची जात कोणी विचारली नाही. ओळख नसलेल्या घरांतून चहा मिळाला, कोरडे कपडे मिळाले.

या घटनेला जेमतेम एक महिना झाला होता. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर एक मोठे चक्रीवादळ येऊन धडकले. त्याचे नाव कॅटरिना. तो दिवस होता सोमवार, २९ ऑगस्ट २००५.

न्यू ऑर्लीन्स हे लुइझियाना राज्यातील जुने शहर. जाझ संगीताचे हे माहेरघर. एका बाजूने मिसिसिपी नदी वाहते, दुसऱ्या बाजूला पाँचरट्रेन नावाचे विशाल सरोवर आहे. शहराचा सुमारे निम्मा भाग समुद्रसपाटीपेक्षा खाली आहे. म्हणजे हे शहर जणू एका वाडग्यातच वसलेले आहे. वाडग्यात पाणी शिरू नये म्हणून भोवती मातीचे बांध आणि काँक्रीटच्या भिंती बांधलेल्या होत्या. पावसाचे पाणीसुद्धा पंपांनी उपसून बाहेर टाकावे लागे.

वादळाच्या आदल्या दिवशी महापौरांनी शहर सोडण्याचा हुकूम दिला. ज्यांच्याकडे मोटारी होत्या, ते गेले. ज्यांच्याकडे मोटार नव्हती, पैसे नव्हते, जे म्हातारे किंवा आजारी होते, त्यांच्यापैकी पुष्कळ लोक मागे राहिले. वादळ आले तेव्हा बांध आणि भिंती पन्नासाहून अधिक ठिकाणी फुटल्या. शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. काही वस्त्यांत पाणी घराच्या छपरापर्यंत चढले. या संकटात एक हजाराहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत वृद्धांची संख्या मोठी होती. पुढे चौकशी झाली, तेव्हा पूर अडवणाऱ्या काही भिंतींची रचनाच सदोष होती असे आढळले. वादळ निसर्गाचे होते. पण बांध फुटण्यात माणसाची चूकही होती.

पाणी काही आठवडे शहरात साचून राहिले. ते पूर्णपणे उपसायला ऑक्टोबर महिना उजाडला. मग लोक आपापली घरे पाहायला परत येऊ लागले.

काय दिसले त्यांना? प्रत्येक दारावर रंगाने काढलेली एक मोठी फुली होती. बचाव पथकाने घर तपासल्याची ती खूण. फुलीच्या एका कोपऱ्यात तपासणीची तारीख आणि खालच्या कोपऱ्यात आत सापडलेल्या माणसांचा आकडा. तेथे शून्य दिसले की माणूस सुटकेचा श्वास टाकी. मग तो दार ढकले. दार उघडत नसे, कारण आतले लाकूड फुगलेले असे. आत पाय ठेवताच वास येई. जमिनीवर चिखलाचा थर, पलंग उलटा, कपाट आडवे, आणि भिंतींवर काळी-हिरवी बुरशी.

तेथील बहुतेक घरे लाकडाच्या सांगाड्याची असतात. सांगाड्यावर आतून जिप्समचे तक्ते ठोकतात आणि त्यांवर रंग देतात. असा तक्ता पाण्यात राहिला की स्पंजासारखा भिजतो. त्यावर बुरशी धरते आणि ती श्वासातून छातीत जाते. म्हणून अशा घरात नुसती झाडलोट करून राहता येत नाही. घर आतून पूर्ण सोलावे लागते. सामान, फरशीचे आच्छादन, तक्ते, भिजलेला कापूस, सारे काढून फक्त लाकडी सांगाडा उरू द्यायचा. मग तो खरवडायचा, जंतुनाशकाने धुवायचा आणि वाळू द्यायचा. त्यानंतरच नवे काम सुरू करता येते.

हे काम ठेकेदाराकडून करून घ्यायचे म्हणजे हजारो डॉलरचा खर्च. ज्यांचे सर्व काही वाहून गेले, त्यांनी तो कोठून करावा? त्यातच जानेवारी २००६ मध्ये शहराच्या पुनर्रचनेचा एक आराखडा प्रसिद्ध झाला. त्यातील नकाशावर काही सखल वस्त्यांवर मोठी हिरवी वर्तुळे काढलेली होती. या ठिकाणी पुढे उद्याने होऊ शकतात, असा त्यांचा अर्थ होता. लोक परत येणार आहेत की नाही, हे वस्त्यांनीच दाखवून द्यावे, असे सांगण्यात आले. लोक हादरले. ज्या गल्लीत आपण लहानाचे मोठे झालो, तेथे उद्या गवत उगवणार? पुढे शहराने घरे साफ करून बंद करण्यासाठी २९ ऑगस्ट २००६ ही मुदतही घातली. तोवर तसे झाले नाही, तर घर पाडले जाण्याची भीती होती. आता प्रश्न फक्त घराचा नव्हता. घर साफ झाले नाही तर मोहल्लाच नाहीसा होणार होता.

अशा वेळी स्वयंसेवक येऊ लागले. अमेरिकेच्या सर्व भागांतून बसगाड्या भरून लोक आले. बॅप्टिस्ट, मेथॉडिस्ट, कॅथलिक, एपिस्कोपल, मेनोनाइट अशा निरनिराळ्या पंथांच्या चर्चनी त्यांना पाठवले होते. त्यांत निवृत्त शिक्षक होते, शेतकरी होते, सुतार होते, परिचारिका होत्या. मार्च महिन्यात महाविद्यालयांना सुटी लागली, तेव्हा हजारो विद्यार्थी समुद्रकिनारी सहलीला जाण्याऐवजी येथे आले. ते चर्चच्या सभागृहात जमिनीवर झोपत. रांगेत उभे राहून जेवण घेत. काही जण फक्त स्वयंपाकाचे काम करत. कारण शंभर मजुरांना जेवू घालणे हेही घर बांधण्याइतकेच गरजेचे काम आहे.

धर्माच्या नावाने काम करणारे सर्वच लोक बाहेरून आले होते, असे मात्र नाही. शहराच्या पूर्व भागात व्हिएतनाममधून आलेल्या कुटुंबांची एक वस्ती आहे. तेथील लोकांनी ऑक्टोबर २००५ मध्येच आपल्या चर्चमध्ये पुन्हा प्रार्थना सुरू केली. वीज नसतानाही ते परतले आणि एकमेकांची छपरे दुरुस्त करू लागले. दुसरीकडे, ह्यूस्टन शहरात हजारो वादळग्रस्तांना आश्रय मिळाला होता. तेथे चर्चच्या पुढाकाराने अन्नछत्र चालू झाले. त्यात मशिदींतून आलेले मुस्लिम स्वयंसेवकही वाढप्याचे काम करत होते.

स्वयंसेवकांचा दिवस सकाळी लवकर सुरू होई. तोंडावर मास्क, हातांत जाड मोजे, पायांत रबरी बूट, डोळ्यांवर चष्मा. हातात हातोडा, पहार नाहीतर फावडे. आठ-दहा जणांची तुकडी एका घरात शिरे. पहिल्यांदा फ्रिज बाहेर काढायचा. तो कधीही उघडायचा नाही! आतले अन्न कित्येक आठवडे सडलेले असे. म्हणून दाराला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून तो तसाच रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवत. मग गाद्या, खुर्च्या, दूरदर्शन संच, पुस्तके. दुपारपर्यंत घरासमोर सामानाचा डोंगर उभा राही.

येथेच स्वयंसेवकांना एक मोठा धडा मिळाला. बाहेरून आलेल्याला जो कचरा वाटे, तो घरमालकाचा संसार होता. चिखलाने माखलेले एक पाकीट कोणी बेफिकिरीने ढिगावर फेकी आणि रस्त्यापलीकडे खुर्चीवर बसलेली घरमालकीण कळवळून उठे. त्या पाकिटात लग्नाचे फोटो असत. म्हणून अनुभवी तुकड्यांनी नियम केला. विचारल्याशिवाय काही फेकायचे नाही. फोटो, पदके, पत्रे, धर्मग्रंथ, मुलांची खेळणी सापडली की ती वेगळी ठेवायची. घरमालक बोलू लागला की हातोडा खाली ठेवायचा आणि ऐकायचे. त्या दिवशी काम थोडे कमी झाले तरी चालेल.

सर्वच स्वयंसेवकांना हे लगेच समजले असे नाही. कोणी पडक्या घरांसमोर हसत उभे राहून फोटो काढले. कोणी हौसेने बसवलेले तक्ते वाकडे बसले आणि ते कारागिरांना पुन्हा काढावे लागले. नुसत्या चांगल्या मनाने भिंत सरळ होत नाही, त्यासाठी ओळंबाही लागतो. मग स्वयंसेवी संस्थांनी कामाची वाटणी केली. घर सोलण्याचे, रंगाचे, झाडलोटीचे काम नवख्यांकडे. वीज, नळ आणि छप्पर यांचे काम जाणकार वायरमन, प्लंबर आणि सुतारांकडे.

घर उभारण्याची ही परंपरा जुनी आहे. मेनोनाइट पंथाचे लोक युद्धात भाग घेत नाहीत. कोणा शेतकऱ्याचे धान्याचे कोठार जळाले, तर सारा समाज जमून ते नव्याने उभे करतो, अशी त्यांची रीत. १९५० साली कॅन्सस राज्यातील काही मेनोनाइट तरुणांनी ठरवले, की शांततेच्या काळातही आपण समाजाच्या उपयोगी पडले पाहिजे. त्यातून संकटग्रस्तांची घरे बांधणारी त्यांची संघटना निर्माण झाली. कॅटरिनानंतर या संघटनेचे स्वयंसेवक अनेक वर्षे किनाऱ्यावर काम करत होते.

दुसरी संस्था म्हणजे हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी. ही संस्था १९७६ मध्ये मिलर्ड आणि लिंडा फुलर या पतिपत्नींनी ख्रिस्ती सेवाभावातून स्थापन केली. तिचे घर फुकट मिळत नाही. कुटुंबाला बांधकामात ठरावीक तास स्वतः मेहनत करावी लागते आणि घराची किंमत हप्त्यांनी फेडावी लागते. न्यू ऑर्लीन्समधील बरेच वादक बेघर झाले होते. त्यांच्यासाठी हॅरी कॉनिक आणि ब्रॅनफर्ड मार्सालिस या तेथल्याच दोन संगीतकारांच्या प्रेरणेने ‘संगीतकारांचे गाव’ वसवण्यात आले. तेथे ७२ घरे बांधली गेली. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर हे १९८४ पासून दरवर्षी पत्नी रोझलिन यांच्यासह या संस्थेसाठी हातात हातोडा घेत. ते आपल्या गावच्या चर्चमध्ये रविवारी धर्मवर्गही घेत असत. २००८ साली ते वादळग्रस्त किनाऱ्यावर कामाला गेले. त्याआधी २००६ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, ते आपल्या महाराष्ट्रातही आले होते. लोणावळ्याजवळील पाटण या गावी शंभर घरे बांधण्याच्या कामात त्यांनी भाग घेतला. कार्टर यांचे २०२४ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी निधन झाले.

आता एक अवघड प्रश्न. मदत करणारा एका धर्माचा आणि मदत घेणारा दुसऱ्या धर्माचा असेल तर? अडचणीत सापडलेल्या माणसाला ‘आमच्याकडे ये, मग घर बांधून देतो’ असे म्हणणे योग्य आहे का? याचे उत्तर जगातील मोठ्या मदत संस्थांनी १९९४ मध्ये एका आचारसंहितेत दिले आहे. रेडक्रॉस आणि रेडक्रिसेंट यांच्याबरोबर चर्चच्या काही जागतिक संघटनाही ही संहिता तयार करण्यात सहभागी होत्या. वंश, धर्म किंवा राष्ट्र न पाहता, गरज पाहूनच मदत द्यावी आणि मदतीचा उपयोग धर्माच्या किंवा राजकारणाच्या प्रचारासाठी करू नये, असे ती संहिता सांगते. सेवेची प्रेरणा आपल्या धर्मातून घ्यावी. पण सेवा करताना समोर फक्त माणूस पाहावा, असा याचा अर्थ.

या सर्व प्रयत्नांनी न्यू ऑर्लीन्स पूर्ववत झाले का? तसे म्हणता येणार नाही. २००० साली शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८५ हजार होती. २०१० मध्ये ती सुमारे ३ लाख ४४ हजार भरली. सरकारी मदत पुष्कळ दिवस घराच्या जुन्या बाजारभावावरून ठरवली जात होती. गरीब वस्तीतील घराचा भाव कमी, म्हणून मदतही कमी. पण विटा, लाकूड आणि खिळे मात्र सर्वांना सारख्याच भावाने घ्यावे लागत. ही तूट स्वयंसेवकांच्या श्रमांनी काही अंशी भरून काढली. सगळी भरून काढणे त्यांच्या हातात नव्हते. दयेने घर उभे राहते; पण ज्या बांधामुळे घर बुडाले, तो बांध पक्का करणे हे सरकारचेच काम असते.

आपल्या महाराष्ट्रानेही हे पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवद यांखाली गाडली गेली. नंतर ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. त्या कामात सरकारबरोबर निरनिराळ्या संस्था आणि सर्व धर्मांचे लोक सहभागी झाले. तेथेही लोकांना हाच अनुभव आला. दुसऱ्याने बांधून दिलेली इमारत मजबूत असू शकते. पण ज्या घरासाठी आपण पाणी भरले, वीट उचलली, खिडकी कोठे हवी ते सांगितले, ते घर आपले वाटते.

न्यू ऑर्लीन्समध्ये काही लोकांनी घर दुरुस्त झाल्यावरही दारावरची ती फुली पुसली नाही. नव्या रंगातही तेवढी जागा त्यांनी तशीच सोडली. संकट आले होते, हे विसरायचे नाही. आणि आपण परत आलो, हेही विसरायचे नाही.

शब्दार्थ

आसरा – आश्रय, निवारा
सदोष – दोष असलेले
उपसणे – पाणी काढून बाहेर टाकणे
सांगाडा – आधार देणारी मूळ चौकट
बुरशी – ओलाव्यामुळे धरणारी भुरी
सखल – खोलगट, खालच्या पातळीवरचा
आराखडा – कामाची योजना
अन्नछत्र – मोफत जेवण देण्याची जागा
ओळंबा – भिंत सरळ आहे की नाही हे पाहण्याचे गवंड्याचे साधन
कोठार – धान्य साठवण्याची जागा
आचारसंहिता – कसे वागावे याचे नियम
माळवद – लाकूड व मातीचे सपाट छप्पर

वाक्प्रचार

सुटकेचा श्वास टाकणे – काळजी दूर होऊन हायसे वाटणे
उपयोगी पडणे – मदतीला येणे
भरून काढणे – उणीव दूर करणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कॅटरिना वादळ कोणत्या दिवशी किनाऱ्यावर धडकले?
(आ) न्यू ऑर्लीन्स शहराला वाडग्याची उपमा का दिली आहे?
(इ) दारावरच्या फुलीचा अर्थ काय होता?
(ई) जिमी कार्टर महाराष्ट्रात कोणत्या गावी आले होते?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) भिजलेले घर आतून पूर्ण सोलावे का लागते?
(आ) नकाशावरील हिरवी वर्तुळे पाहून लोक का हादरले?
(इ) अनुभवी तुकड्यांनी कोणते नियम केले आणि का?

३. कारणे लिहा.
(अ) स्वयंसेवक फ्रिज उघडत नसत.
(आ) गरीब वस्तीतील लोकांना मिळालेली मदत अपुरी पडली.

४. रिकाम्या जागा भरा.
(अ) नुसत्या चांगल्या मनाने भिंत सरळ होत नाही, त्यासाठी ........ ही लागतो.
(आ) सेवा करताना समोर फक्त ........ पाहावा.

५. वर दिलेल्या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

६. मदत, मेहनत, जमीन, किंमत, इमारत, हजार हे शब्द मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. पाठात ते कोठे आले आहेत ते शोधा. असे आणखी चार शब्द पाठातून निवडून लिहा.

७. वचन बदला : भिंत, वस्ती, खूण, फुली, चर्च, घर.

८. चर्चा करा : ‘दयेने घर उभे राहते, पण बांध पक्का करणे हे सरकारचे काम असते.’ तुम्हांला हे पटते का?

उपक्रम : तुमच्या गावात किंवा मोहल्ल्यात पूर, आग किंवा भूकंप झाला होता का, हे वडीलधाऱ्या माणसांना विचारा. त्या वेळी कोणी कोणाला आसरा दिला, ते दहा ओळींत मराठीतून लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.